काडतूस अडतंय, आणि संशय मात्र पिस्तुलावर

प्रश्न : ताई, मी ओहायोत राहतो. दोन वर्षांपासून 9 मि.मी. काडतुसं घरी भरतोय. तांब्याच्या जॅकेटच्या बुलेट महाग पडायला लागल्या म्हणून रंगीत लेप दिलेल्या शिशाच्या, 124 ग्रेन (बुलेटच्या वजनाचं माप) भरणाऱ्या गोल नाकाच्या बुलेट आणल्या. काडतूस भरायच्या प्रेसचं सेटिंग जुनंच ठेवलं, काडतुसाची एकूण लांबी 1.150 इंच. आता शंभरातली दहा-बारा काडतुसं तरी अडतात. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) दोन-तीन मिलिमीटर मागेच राहते, मग मी तळहातानं ठोकून ती पुढे ढकलतो. क्लबातले एक जण म्हणतात, कडक स्प्रिंग घाल. घालू का? दुसरं, डिसेंबरात नाशिकला जातोय. तिथे धाकट्या भावाला हे शिकवता येईल का?

उत्तर : आधी ते ठोकणं आजच्या आज बंद करा. तुम्ही बुलेट जबरदस्तीनं रायफलिंगच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार, आट्यांत रुतवताय. माझ्या बाबतीत हे एका स्पर्धेत झालं. पिस्तूल रिकामं करून दाखवायला स्लाइड ओढली, तर पुंगळी (काडतुसाचं धातूचं आवरण) तेवढी बाहेर आली. बुलेट बॅरलमध्येच अडकली आणि बारूद सगळं मॅगझिनच्या खाचेत सांडलं. त्या दिवशीची माझी स्पर्धा तिथेच संपली. स्प्रिंग कडक केली तर तुमच्या तळहाताचं काम ती करील, दुखणं तसंच राहील.

मी पुण्यात अकरा वर्षं गेज-तपासणीच्या टेबलावर काढली. तिथली सवय सांगते. जॉब, म्हणजे बनवलेला भाग, बसत नसेल तर तो आधी गेजमध्ये, म्हणजे ठरल्या मापाच्या साच्यात, टाकून बघायचा. तुमचं गेज म्हणजे तुमचं बॅरल. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, बॅरल काढा, पुसा, चेंबरचं (काडतूस बसतं त्या मागच्या भागाचं) तोंड वर करून धरा. प्रायमर (बुडाची ठिणगी देणारी टोपी) आणि बारूद न घालता एक नमुना काडतूस बनवा आणि वरून सोडा. ते 'टक्' आवाज करत बसलं पाहिजे, बोटानं मोकळं फिरलं पाहिजे, आणि बॅरल उलटं केल्यावर आपोआप गळून पडलं पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही, तर नमुन्याला मार्करनं काळं करा, पुन्हा सोडा, थोडं फिरवा. काळं जिथे खरवडेल तिथे अडचण.

बुलेटच्या खांद्यावर (नाकाचा उतार जिथे सुरू होतो तिथे) खरवडलं, तर लांबी जास्त आहे. मला दाट शंका हीच आहे. 1.169 इंच ही 9 मि.मी.ची ठरलेली कमाल लांबी, पण ती मर्यादा झाली; प्रत्येक बुलेट तेवढ्या लांबीला चालेलच असं नाही. लेपाच्या बुलेटचा व्यास बहुधा 0.356 इंच असतो, जॅकेटवालीचा 0.355 इंच. शिवाय तिचा खांदा जाड, आणि तो नाकाच्या दिशेनं बराच पुढे येतो. काही युरोपीय पिस्तुलांत आटेही चेंबरला लागूनच सुरू होतात. नमुना थोडा थोडा खोल बसवत जा. माझ्या बॅरलमध्ये तो 1.100 ला मोकळा फिरला. मी आणखी पंधरा हजारांश खाली, 1.085 वर थांबले. तुमचा आकडा तुमच्या बॅरलमधूनच येईल. आणि हे फार महत्त्वाचं : बुलेट खोल गेली की आतली जागा घटते, 9 मि.मी.त दाब झपाट्यानं वाढतो. जुनं बारुदाचं वजन तसंच ठेवू नका. लोड मॅन्युअल (कोणत्या बुलेटला किती बारूद ते सांगणारं पुस्तक) उघडा आणि त्या बुलेटच्या सुरुवातीच्या वजनापासून पुन्हा चढत या.

पुंगळीच्या तोंडाशी खरवडलं, तर तोंड नीट मिटलेलं नाही. तिथे लेपाची बारीक रंगीत कडी दिसते का बघा. दिसली, तर बुलेट बसताना लेप सोलला जातोय आणि तोच चुरा चेंबरच्या पुढच्या टोकाच्या पायरीवर साठतोय. 9 मि.मी.चं काडतूस त्या पायरीवर तोंड टेकूनच थांबतं, त्यामुळे एवढासा चुराही पुरतो. पुंगळीचं तोंड जरा जास्त फुलवा, बुलेट हातानं ठेवल्यावर सरळ उभी राहील इतपत. बसवणं आणि क्रिम्प करणं प्रेसच्या दोन वेगळ्या डायमध्ये (साच्यांत) करा. क्रिम्प म्हणजे फक्त फुलवलेलं तोंड परत सरळ करणं. मी तोंडाशी व्यास 0.378 इंच ठेवते. जास्त आवळलं तर लेप कापला जातो आणि शिसं बॅरलला चिकटतं. एक बुलेट हातोडा-पुलरनं (आपटून बुलेट बाहेर काढायच्या साधनानं) काढून बघा : लेपावर फिकट रेघ चालेल, चकाकतं शिसं चालणार नाही.

दहा-बाराच का अडतात, सगळी का नाही? पुंगळ्या मिसळलेल्या असणार. जाड भिंतीच्या पुंगळीत जाड बुलेट गेली की कमरेला फुगवटा येतो. अडलेल्या काडतुसांच्या बुडावरचे बनावटीचे शिक्के बघून ती वेगळी काढा, बहुतेक एकाच बनावटीची निघतील.

भावाचं : नको. भारतात काडतुसं बनवायला 1959च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, आणि 9 मि.मी. तिथे निषिद्ध बोअर (साध्या परवान्यावर न मिळणारं माप) आहे. त्याला नेमबाजीची आवड असेल तर क्लबात नेऊन एअर पिस्तूल हातात द्या. निघण्याआधी बॅगेचा प्रत्येक कप्पा झटकून घ्या. रेंजवर नेता ती बॅग तर घरीच ठेवा. विसरलेलं एक जिवंत काडतूस सापडलं तरी विमानतळावर गुन्हा दाखल होतो.