आयुष्यात मोठा बदल झाल्यावर मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन नेमकं काय होतं? नुसतं ऐकून घेतात का?

पहिल्या एक-दोन भेटींत बराच वेळ ऐकण्यातच जातो, आणि तो वाया जात नाही. झोप कशी आहे, भूक लागते का, मन मोकळं करायला कुणी आहे का, जगणं नकोसं वाटतं का, हे स्पष्ट विचारतात. शेवटच्या प्रश्नाने दचकू नका. तो विचारल्याने तसे विचार डोक्यात भरत नाहीत.

चांगला बदलही ताण देतो, हे लोकांना पटकन पटत नाही. होम्स आणि राहे या संशोधकांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३ आणि लग्नालाही ५०! तेव्हा 'सगळं छान चाललंय, तरी रडू का येतं' म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

मग गुंता सोडवायला घेतात. 'सगळं संपलं' असं तुम्ही म्हणालात, की 'सगळं म्हणजे काय काय?' असं विचारून कागदावर लिहायला लावतात. एका बाजूला हातातल्या गोष्टी, दुसरीकडे हाताबाहेरच्या. यादी बहुधा भीतीपेक्षा लहान निघते. त्यातून आठवड्यासाठी अगदी छोटं काम ठरतं: ठरल्या वेळी उठणं, एका मित्राला फोन करणं. हाताबाहेरच्या गोष्टींचं दुःख मात्र घाईने पुसायचं नसतं, त्याला वेळ द्यावाच लागतो.

औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. जीव द्यावासा वाटत असेल तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या.