वायरमन परवान्याच्या परीक्षेसाठी सुरक्षा नियम कसे शिकवावेत?

आपण विचारले आहे की, सोलापुरातील यंत्रमाग कारखान्यांत वर्षानुवर्षे काम करून हात बसलेली मुले वायरमन परवान्याच्या परीक्षेत नेमकी सुरक्षा नियमांच्या प्रश्नांवर का अडतात आणि त्यांची तयारी कशी करून घ्यावी. मी अशाच मुलांना शिकवत आलो आहे. नियम कोणता धोका अडवतो हे आधी समजावावे आणि त्यानंतरच त्याची शब्दरचना पाठ करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात न्यूट्रलपासून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेपासून, करावी. जुन्या वायरिंगमध्ये फेजबरोबर (वीज आणणाऱ्या जिवंत तारेबरोबर) न्यूट्रललाही फ्यूज घातलेला आढळतो आणि अनेकांना तो जास्त सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात अर्थ केलेल्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या, न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा स्वतंत्र स्विच घालण्यास नियमाने मनाई आहे. फेज आणि न्यूट्रल एकाच वेळी तोडणारा जोडस्विच तेवढा चालतो. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर पंखा थांबतो, माणूस वीज गेली असे समजून हात घालतो आणि फेज मात्र तिथे जिवंतच असतो. हे फळ्यावर काढून दाखवले की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

सर्वाधिक वेळ अर्थिंगला, म्हणजे यंत्राचा धातूचा सांगाडा तारेने जमिनीशी जोडण्याला, द्यावा. २५० व्होल्टच्या वर आणि ६५० व्होल्टपर्यंत चालणाऱ्या स्थिर मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात, हे मुलांना ठाऊक असते. दोन का, हे विचारले की ती गप्प होतात. माग दिवसभर हादरत असतो, नट सैल होतो आणि एक जोडणी सुटली तरी दुसरी टिकावी लागते. म्हणूनच एकाच बोल्टवरून काढलेल्या दोन तारांना दोन स्वतंत्र जोडण्या म्हणता येत नाही, हेही इथेच बजावावे. त्यानंतर हिशेब मांडावा. अर्थचा रोध ५ ओहम असेल तर फेज आणि अर्थ यांच्यामधील २३० व्होल्टला, पुरवठ्याकडचा रोध सोडून दिला तरी, फॉल्टचा (फेज सांगाड्याला लागल्यावर जमिनीत जाणारा) प्रवाह ४६ अँपिअर येतो आणि ३२ अँपिअरची एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप बंद होणारा स्विच) एवढ्या प्रवाहाला लगेच पडत नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते तेव्हा रोध आणखी वाढतो; तो १० ओहम झाला तर प्रवाह २३ अँपिअरच राहतो, एमसीबी पडतच नाही आणि मोटरचा सांगाडा जिवंत राहतो. अर्थिंग असूनही ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा थोडा प्रवाहही ओळखून वीज तोडणारा स्विच) का हवी, याचे उत्तर मुले मग स्वतःच देतात.

मेगरची (तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाची) चाचणी मात्र प्रत्येकाच्या हातून करून घ्यावी: ५०० व्होल्ट डीसी, एक मिनिट आणि जिवंत तार व अर्थ यांच्यामध्ये किमान १ मेगओहम. रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाब तारेची उंची ५.८ मीटर आणि उच्चदाब तारेची ६.१ मीटर, असे आकडे शेवटच्या आठवड्यात घेतले तरी चालतात. कवटी आणि हाडांचे चिन्ह असलेल्या धोक्याच्या पाटीवर स्थानिक भाषा हवी, हे सांगताना मी सोलापूरच्या पूर्व भागातील, तेलुगू भाषिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी तेलुगू मजकूरही जोडण्याचा आग्रह धरतो, कारण मागावर उभ्या असलेल्या माणसाला ती पाटी वाचता आली पाहिजे.

अभ्यासाची पुस्तके तपासून घ्यावीत. बाजारातील अनेक टिपणांत अजून १९५६ च्या भारतीय वीज नियमांचे क्रमांक छापलेले असतात, पण वीज अधिनियम २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुरक्षा विनियम काढले आहेत. आशय बराचसा कायम असला तरी क्रमांक बदललेले आहेत. म्हणून खात्री नसेल तर विद्यार्थ्याने क्रमांक न लिहिता आशय अचूक लिहावा. रोज एक नियम घेऊन तो काय सांगतो, कोणता धोका टाळतो आणि जागेवर कसा तपासायचा, हे पाच-सहा ओळींत लिहून घ्यावे, कारण या मुलांचा सराव पक्कड-टेस्टरचा असतो, लेखणीचा नसतो.