ती माणसं गोल का नाचतायत?

प्रश्न : आम्ही अकरा वर्षं जर्मनीत आहोत. लेक नऊ वर्षांची. शाळेत प्रत्येकाने आपल्याकडचं काहीतरी न्यायचं होतं, म्हणून दोघींनी मिळून वारली चित्र काढलं. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "ही माणसं गोल का नाचतायत?" तिला सांगता आलं नाही. घरी येऊन तिने मला विचारलं, तर मलाही येईना. घरात मराठी बोलतो, सण करतो, तरी तेव्हापासून वाटतंय की तिला सगळं वरवरचंच देतेय. काय करू?

उत्तर : आधी त्या मुलाला उत्तर देऊ, लेक अजून वाट बघत असेल. गोलाच्या मधे जो एकटा उभा आहे, तो तारपा वाजवतोय. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य. बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा दंडक. चित्रातली रांग शंखासारखी आत आत वळत जाते ती त्यामुळे.

आता हे चित्र मुळात भिंतीवर का आलं, तेही सांगा. पालघर, डहाणू, जव्हारकडे वारल्यांच्या घरी लग्न असलं, की सवाष्णी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. 'लिहितात' हाच शब्द. मधे पालघट, त्यांची लग्नाची देवी. लग्नाचा हा विधी भिंतीवरून कागदावर आला १९७०च्या दशकात, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे रोज चित्रं काढायला लागले तेव्हा. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही वारली समाजाची कला आहे. घरी जरूर काढा, पण कुणाची आहे ते लेकीला सांगून काढा.

तुम्ही वरवरचं देताय असं मला वाटत नाही. तुमच्याकडून चित्र पोचलं आणि गोष्ट मागे राहिली, एवढंच झालंय. आपल्याकडे ही दोन कधी वेगळी नव्हतीच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी आजही एकेक चित्र हातात धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगतात. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात. पाहणारा आधी ऐकतो, मग चित्र त्याच्या डोक्यात बसतं.

तुमच्या घरासाठी मी चैत्रांगण सुचवेन. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर माहेरी असते, तेवढा महिनाभर अंगणात काढायची ही रांगोळी. मधे गौर, वर चंद्र-सूर्य, भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, गोपद्मं, आंब्याची डहाळी, फणी-करंडासुद्धा. अंगण नसलं तर काळा कागद आणि पांढरा खडू चालतो. सगळं एका दिवसात उरकू नका. रोज संध्याकाळी एक चिन्ह आणि त्याची एक गोष्ट. कासव काढलंत तर समुद्रमंथन, नाग काढलात तर नागपंचमीची कहाणी. फणी-करंड्याला पुराणातली गोष्ट सापडली नाही, तर आजीला फोन लावा. तिच्या आईचा करंडा कसा होता, त्यात काय काय असायचं, हे तिच्याइतकं कोण सांगणार?

आजीला विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. "तुमच्याकडे काय परंपरा होत्या?" असं विचारलंत की "अगं, सगळं करायचो आम्ही" एवढंच ऐकू येतं. "गौर आधी काढायचात की कासव? रांगोळी दोन बोटांत धरायचात की तीन?" असं विचारा. मग त्यांची चिमूट आपोआप हलायला लागते. फोनचा कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातावर लावायला सांगा आणि ते रेकॉर्ड करा. इंटरनेटवरच्या नमुन्यापेक्षा त्यांचं कासव वेगळं निघालं तर त्यांचंच काढा. भोंडल्याचंही तसंच. कुणाकडे हादगा, विदर्भात भुलाबाई, गाणीही थोडी निराळी. तुमच्या घरात जी म्हणत होते तीच शिकवा, पुस्तकाबरहुकूम दुरुस्त करू नका.

गोष्ट कोणत्या भाषेत, हा प्रश्न पडेलच. "आटपाट नगर होतं" आणि शेवटचं "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" एवढं मराठीत पक्कं ठेवा. मधे लेक जर्मनवर घसरली तर घसरू दे. दर वाक्याला टोकलंत तर ती सांगणंच सोडेल, आणि तिने सांगायला लागणं मला शुद्ध मराठीपेक्षा मोलाचं वाटतं.

चैत्राला अवकाश असला तर त्याची वाट बघत बसू नका. या शनिवारी तांदळाचं पीठ पाण्यात कालवा, जाड तपकिरी कागद जमिनीवर पसरा आणि त्या वर्गातल्या मुलाला घरी बोलवा. मधला तारपेवाला लेकीला काढू दे, भोवतीचा नाच त्याला. नाचणारे गोल का फिरतात, ते तिलाच सांगू दे.