मोठ्या भोपळ्याच्या देठावर आणि वेलावर येणारा ताण कसा कमी करावा?

फळ फुटबॉलएवढं झालंय आणि देठ वेलाला चिकटून ताणलेला दिसतोय, असं तुम्ही लिहिलंय. अगदी वेळेवर विचारलंत. आणखी दोन आठवड्यांनी ते जागचं हललं नसतं.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये परसात सहा वर्षं अटलांटिक जायंट भोपळा लावतोय, कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल यांनी विकसित केलेलं वाण. गावाकडे आमचं डांगर गोठ्याच्या छपरावर चढायचं, त्याच्या देठाकडे कुणी बघायचंही नाही. पण हे फळ भरात आलं की दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढू शकतं. त्याचे खांदे, म्हणजे देठाभोवतीचा भाग, फुगून वेलाला रेटतात. वेल पेरापेराला मुळं सोडून जमीन धरून बसलेला. तो हलत नाही, फळ थांबत नाही आणि मधल्या मध्ये देठ चिरतो.

म्हणून आधी वेल सोडवा. एरवी मुळं फुटावीत म्हणून आपण पेरांवर मुद्दाम माती ओढतो. फळाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मात्र ती मुळं आणि तंतू कापून टाका. जिवावर येतं, तरी कापा. बाकीच्या वेलाची मुळं फळाला पोसतात.

मग कोन. देठ वेलाशी काटकोनात यायला हवा आणि वेल दोन्हीकडून खांद्यांपासून लांब वळायला हवा. पण एका दिवसात नाही. वेल रोज दोन बोटं सरकवायचा, बाजूला खुंटी ठोकून तिथेच अडवायचा. आणि हे काम दुपारीच. ऊन तापलं की वेल मऊ पडतो. सकाळी तो पाण्याने टच्च भरलेला असतो, कटकन मोडतो.

तिसऱ्या वर्षी मी ऑफिसच्या घाईत सकाळी आठला हात लावला. देठ वेलाला मिळतो तिथे नखाएवढी चीर पडली, तिच्यातून पाण्याचे थेंब येत राहिले. मी ती पुसत होतो, पंख्याने वाळवत होतो. चौथ्या दिवशी तिथला भाग बोटाखाली मऊ लागला. फळ गेलं. अजून चुटपूट लागते.

फळाखाली वाळूचा जाड थर द्या, म्हणजे वाढताना ते सरकू शकतं. वेल खांद्यावर टेकत असेल तिथे जुन्या टॉवेलची घडी ठेवा. फळाला भिडणारी बाजूची फांदी काढा. पाणी रोज बेताचं, कोरडं ठेवून एकदम भरपूर कधीच नको.

आणि वेलावर अजून दोन-तीन फळं असतील तर निवड करताना नुसता आकार पाहू नका. वेल जिथे वळतो, त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाचं फळ ठेवा. त्याच्या खांद्यांना दोन्हीकडे आधीच मोकळी जागा असते. आतल्या अंगाचं असेल, तर ते थोडं मोठं असलं तरी मी काढून टाकेन.