इंकस्केपमध्ये छेदचित्रातील तिरक्या रेघा सर्वत्र सारख्या कशा ठेवाव्यात

आपण एका जुन्या वाड्याचे छेदचित्र, म्हणजे इमारत कापून आतले दाखवणारे आरेखन, इंकस्केप या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये काढले आहे. कापलेल्या भिंतींत तिरक्या रेघांचा पॅटर्न भरल्यावर तीन भिंतींत रेघांचे अंतर तीन तऱ्हेचे दिसते, पीडीएफमध्ये रेघा मधूनमधून केसाएवढ्या पांढुरक्या फटींनी तुटलेल्या दिसतात, आणि हेच चित्र पुढे प्लायवूडवर लेझरने कोरून घ्यायचे आहे, असे आपण लिहिले आहे. या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: आपल्याला रेघा दिसत असल्या, तरी त्या भिंतीत प्रत्यक्षात रेघा नाहीतच.

ऑटोकॅड या आरेखनाच्या प्रोग्रॅमवर हात बसलेल्यांचा येथे हमखास घोटाळा होतो. तेथे हॅच (रेघांची भरण) म्हणजे कोन आणि अंतर यांची व्याख्या असते आणि तिच्यावरून प्रोग्रॅम रेघा आखतो. एसव्हीजीमधला, म्हणजे इंकस्केप ज्या फाइलप्रकारात चित्र साठवते त्यातला, पॅटर्न हा फरशीसारखा असतो. एक लहान चौकोन घ्यायचा आणि तो आडवा-उभा मांडत जायचा, कडेला जे बाहेर जाईल ते आकाराच्या सीमेवर कापायचे. शिवाय इंकस्केप प्रत्येक आकारासाठी त्या फरशीची मोजणी, म्हणजे तिचा आकार, कोन आणि सुरुवातीची जागा, स्वतंत्रपणे लिहून ठेवते. आपण एखादी भिंत ओढून मोठी केली, किंवा ती ज्या ग्रुपमध्ये आहे तो ग्रुप लहान केला, की त्या भिंतीची फरशीही बदलते आणि शेजारची तशीच राहते.

म्हणून आधी सर्व ग्रुप सोडवावेत आणि चित्र अंतिम छपाईच्या मापात आणावे. रेघा त्यानंतरच भराव्यात. ए२ कागदावर २ मिलिमीटर अंतराने भरलेल्या ०.२५ मिलिमीटर जाडीच्या रेघा ए४ वर छापल्या, तर अंतर १ आणि जाडी ०.१२५ मिलिमीटर उरते. तांत्रिक आरेखनाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार समांतर रेघांतील अंतर ०.७ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. माझ्या मते घरगुती प्रिंटरसाठी त्याच्या दुप्पट तरी ठेवावे, नाहीतर भिंत रेघांची न दिसता करडी दिसते.

आता फरशीविषयी. ४५ अंशांची रेघ थेट फरशीतच काढण्याचा मोह टाळावा. २ मिलिमीटर अंतरासाठी अशा फरशीची बाजू २ गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे २.८२८४... मिलिमीटर येते; रेघेला जाडी असल्यामुळे दोन कोपऱ्यांत तिचे छोटे तुकडे जोडावे लागतात, आणि ते विसरले की प्रत्येक सांध्यावर खाच पडते. त्याऐवजी उभी रेघ काढावी. २ मिलिमीटर रुंद आणि २०० मिलिमीटर उंच असा, फिल (आतला रंग) व स्ट्रोक (कडेची रेघ) दोन्ही नसलेला आयत घ्यावा, त्याच्या बरोबर मध्यातून तेवढ्याच उंचीची ०.२५ मिलिमीटर जाडीची रेघ न्यावी, दोन्ही निवडून ऑब्जेक्ट मेनूतील पॅटर्नखाली ‘ऑब्जेक्ट्स टू पॅटर्न’ द्यावे. तो अदृश्य आयत वगळला, तर फरशी रेघेएवढीच रुंद होते आणि भिंत काळी भरून निघते. हे मी स्वतः दोनदा केले आहे. फरशी मुद्दाम लांब ठेवण्याचे कारण म्हणजे त्या पांढुरक्या फटी. फरशीची कड पिक्सेलच्या अध्येमध्ये पडली की ती कड मऊ रंगवली जाते आणि दोन मऊ कडांमधून पांढरा कागद डोकावतो. रेघेच्या दिशेने सांधेच कमी केले, तर डोकावायला जागाही कमी उरते.

हा पॅटर्न एका भिंतीला लावून नोड टूलने त्याचा गोल हँडल फिरवावा. कंट्रोल दाबून धरल्यास कोन ठरावीक टप्प्यांनी बदलतो आणि ४५ अंश नेमके साधतात. इंकस्केप १.३ पासून फिल अँड स्ट्रोकच्या पॅटर्न टॅबमध्ये कोन आणि प्रमाण आकड्यांनीच देता येते, तेव्हा ती आवृत्ती असल्यास हँडलच्या मागे लागण्याची गरज नाही. ही एक भिंत नमुना मानावी, ती कॉपी करून बाकीच्या भिंती निवडाव्यात आणि एडिट मेनूतून ‘पेस्ट स्टाइल’ द्यावे. एकाच वस्तूचे वेगवेगळे कापलेले भाग सारख्याच रेघांनी भरायचे असतात, आणि दगडी जोते जेथे विटांच्या भिंतीला भिडते तेथे जोत्याला उलट दिशेच्या, १३५ अंशांच्या रेघा द्याव्यात. त्यासाठी दुसरी फरशी लागत नाही, कोन तेवढा बदलावा. यानंतर काही हलवावे लागले, तर सिलेक्टर टूलच्या पट्टीवरील शेवटचे बटण, म्हणजे आकाराबरोबर पॅटर्न बदलण्याचे, बंद आहे की चालू हे आधी पाहावे.

लेझरच्या कामाला मात्र यांतले काहीही उपयोगी नाही. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानात अशीच पॅटर्न भरलेली फाइल दिली आणि मला नुसती बाह्यरेषा कापलेली पाटी मिळाली. चूक माझी होती, कारण यंत्राला पाथ, म्हणजे प्रत्यक्ष आखलेल्या रेषा, लागतात आणि मी त्याला फरशी दिली होती. त्या कामासाठी भिंतीपेक्षा मोठ्या क्षेत्रावर ‘टाइल्ड क्लोन्स’ने (एका रेघेच्या ओळीने मांडलेल्या, तिच्याशी जोडलेल्या प्रतींनी) समांतर रेघा काढून घ्याव्यात, ते क्लोन अनलिंक, म्हणजे मूळ रेघेपासून सुटे, करून ‘कम्बाइन’ने एकच पाथ करावा, भिंतीची प्रत त्याच्या वर ठेवून दोन्ही निवडावेत आणि पाथ मेनूतील ‘कट पाथ’ द्यावे. रेघा भिंतीच्या सीमेवर तुटतात, वरची प्रत नाहीशी होते, आणि बाहेर उरलेले तुकडे निवडून पुसता येतात. ‘क्लिप’ (भिंतीबाहेरच्या रेघा न कापता नुसत्या झाकणे) वापरणे सोपे आहे आणि छपाईपुरते ते मी निर्धास्त सुचवीन, पण कोरणारी पुष्कळ यंत्रे क्लिप मानत नाहीत आणि रेघा भिंतीबाहेरही कोरत जातात.

फाइल देण्यापूर्वी व्ह्यू मेनूतून डिस्प्ले मोड ‘आउटलाइन’ करून पाहावा. तेथे पॅटर्न दिसतच नाही, फक्त पाथ दिसतात. एखादी भिंत रिकामी दिसली, तर तिच्या रेघा अजून कापायच्या राहिल्या आहेत.