जुनं मोटरहोम, विदर्भातले रस्ते: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मुंबईकडची जुनी व्हॅनिटी व्हॅन किंवा बसच्या चेसिसवर बांधलेलं मोटरहोम विकत घ्यायचं आणि घरच्यांना घेऊन शेगाव, लोणार, चिखलदरा, ताडोबा करायचं, असा बेत आपल्याकडे आता बरेच जण करताहेत. याचा मला आनंदच आहे. पण पत्रांमध्ये एक गैरसमज सारखा दिसतो. गाडी "फार चाललेली नाही", म्हणजे ती चांगली, असं सगळे धरून चालतात. ट्रक रोज चालतो, त्यामुळे त्याच्याकडे रोज कोणीतरी बघतं. मोटरहोम वर्षातले दहा महिने शेडमध्ये उभं असतं, आणि रबर, सील, वायर, बॅटरी उभ्या उभ्याच खराब होतात.

गाडी बारा वर्षांची आहे, पण टायरची नक्षी जवळजवळ नवीच आहे. समृद्धीवरून शिर्डीला जायचंय. टायर बदलावे लागतील का? (पुलगाव)

नक्षी सोडा, तारीख बघा. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2317 असेल तर तो टायर 2017 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. कधी हे आकडे आतल्या बाजूला असतात. टॉर्च घेऊन खाली वाका. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर वापरू नका, असं अनेक टायर कंपन्या सांगतात. आपल्याकडच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीला मी सात वर्षांपुढे जाऊ देत नाही.

टायर फुटला की लोक काँक्रीटच्या रस्त्याला दोष देतात. बहुतेक वेळा टायर म्हातारा असतो, हवा कमी असते आणि वजन जास्त असतं. कमी हवेचा टायर बाजूने सारखा वाकतो, त्या वाकण्याने तापतो आणि तासन्‌तास एकाच वेगात पळताना त्याला थंड व्हायला उसंत मिळत नाही. निघण्याआधी पाण्याची टाकी, सामान, माणसं सगळं भरून गाडी जवळच्या जिनिंगच्या काट्यावर न्या. पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला आणि त्या वजनाला किती हवा हवी ते टायरवाल्याकडून कंपनीचा तक्ता बघून ठरवा. हवा टायर थंड असतानाच मोजा. मागच्या जोडचाकांपैकी आतल्या चाकावर हातोडी मारून "आवाज बरोबर आहे" म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, मीटर लावायला सांगा.

नायट्रोजन भरला तर टायर फुटत नाही म्हणतात. खरं का? (हिंगणघाट)

साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. ते पैसे वाचवा आणि हवेचं चांगलं मीटर घ्या.

दोन वर्षांत गाडीतल्या गीझरचं कॉइल दोनदा गेलं. एकाने पाइपला बांधायची चुंबकाची पट्टी सुचवली आहे. घ्यावी का? (दर्यापूर)

घेऊ नका. तुम्ही खारपाणपट्ट्यात राहता. पट्टी बांधून पाण्यातले क्षार कमी होत नाहीत. विकणाऱ्याला क्षार आधी आणि नंतर मोजून दाखवायला सांगा, तो पुन्हा दिसणार नाही. टाकी बोअरच्या पाण्याने भरणं थांबवा आणि नळयोजनेचं पाणी मिळेल तिथेच भरा. गीझर पूर्ण भरल्याशिवाय बटण दाबू नका, कोरडं कॉइल मिनिटांत जळतं. हेच बोअरचं पाणी तुम्ही रेडिएटरमध्येही घालत असाल, अशी मला शंका आहे. तसं असेल तर रेडिएटर मिस्त्रीकडून साफ करून घ्या आणि पुढे कूलंटच वापरा. टाकीतलं पाणी पीत असाल, तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

मे महिन्यात ताडोबाकडे गेलो की रात्री जनरेटर लावून एसीत झोपतो. सकाळी दोघांचंही डोकं जड असतं, मळमळतं, बाहेर फिरलं की बरं वाटतं. दोन महिने झाले. एसीचा गॅस लीक असेल का? विकणारा म्हणाला होता, जनरेटर बंद पेटीत आहे, काळजी नको. भाऊ म्हणतो, एक खिडकी उघडी ठेवली की झालं. (ब्रह्मपुरी)

आज रात्री जनरेटर लावून झोपू नका. बाकीचं नंतर वाचा.

तुम्ही लिहिलेली लक्षणं कार्बन मोनॉक्साइडची असू शकतात. दोघांना एकदम, फक्त गाडीत झोपल्यावर आणि मोकळ्या हवेत गेलं की आराम, ही त्याची ओळखीची खूण आहे. दोन महिने तुम्ही थांबलात, याचं मला फार वाईट वाटतं. आधी दोघंही डॉक्टरांकडे जा आणि जनरेटरची गोष्ट आपण होऊन सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, आकडा चांगलाच दाखवतं. रक्त तपासावं लागतं.

या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त जोराने चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्यासारखं वाटून जाग येईल, असं समजू नका. त्याला नुसती गुंगी येते. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकऱ्याजवळ रस्त्याकडेला उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरचा धूर आत शिरला होता, असं तपासात निघालं.

"बंद पेटी" नवी असताना बंद असते. जुन्या गाडीत तिचं रबर कडक होऊन तडकतं, सायलेन्सरला गंज लागतो, जोडावरचं पॅकिंग जळतं. आणि मधल्या काळात कोणीतरी एक वायर टाकायला फ्लोअरला भोक पाडलेलं असतं. परतवाड्याच्या एका जोडप्याची अशीच गाडी मी बघितली. त्यांनाही सकाळी डोकेदुखी व्हायची आणि ते ऊन लागलं समजून कांद्याचा रस चोळत होते. जनरेटर बंद ठेवला, खिडक्या लावल्या, छताचा एक्झॉस्ट पंखा सुरू केला आणि पेटलेली अगरबत्ती पेटीच्या कडेकडेने फिरवली. सोफ्याखाली एका ठिकाणी धुराची रेघ सरळ आत ओढली गेली. प्लायवुड उचललं तर अंगठा जाईल एवढं भोक होतं, त्यातून पिवळी वायर आलेली. अंथरुणापासून ते हातभरही लांब नव्हतं.

खिडकीचं म्हणाल, तर वारा उलटा असला की धूर त्याच खिडकीतून आत येतो. छताचा पंखा आतली हवा बाहेर टाकतो, तेव्हा फ्लोअरच्या भोकांतून तेवढीच हवा आत खेचली जाते. गाडी भिंतीला, गवताला किंवा ताडपत्रीला खेटून उभी असली की धूर गाडीखालीच साठतो. शेजारच्या गाडीचा जनरेटरही तेवढाच घातक. इंजिन सुरू ठेवून एसीत झोपणं हाही तोच प्रकार आहे.

चांगल्या फिटरकडून सायलेन्सर, पॅकिंग आणि पेटी पूर्ण खोलून तपासा. भोकं पत्र्याने आणि उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बुजवा. धुराची नळी गाडीच्या बाजूच्या बाहेरपर्यंत काढा आणि त्यानंतर आतली हवा मीटरने मोजून घ्या. पलंगाशेजारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा आणि त्यावरची मुदत वाचा, कारण अलार्मही जुना होतो. स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्म वेगळा. तो वायू जड, म्हणून त्याचा अलार्म फ्लोअरजवळ. दुकानदार एकाच डब्यात दोन्ही असल्याचं सांगेल, तरी कागद वाचूनच घ्या. आणि एवढं सगळं करूनही झोपताना जनरेटर बंदच करा. संध्याकाळी गाडी गार करून घ्या, नाहीतर वीज देणाऱ्या रिसॉर्टच्या आवारात मुक्काम करा.

संत्र्याच्या बागेत मुक्काम असतो. गडी म्हणतो, मोटरपंपाच्या पेटीतून दोन वायर काढून गाडीला लाइट देतो. चालेल का? (वरुड)

नाही. पंपाला थ्री फेज असतं. दोन फेजमध्ये 415 व्होल्ट येतात आणि तुमचा चार्जर, एसी, फ्रिज 230 व्होल्टचे आहेत. पहिल्याच झटक्यात बोर्ड जळतील. शिवाय शेतीच्या कनेक्शनवरून गाडीला वीज देणं महावितरणच्या दृष्टीने अनधिकृत वापर आहे.

तुम्ही पुढे सहज लिहिलंय की घरून वायर दिली तरी ओल्या पायांनी दाराला हात लावल्यावर "थोडं झिणझिणतं". हे सहज लिहिण्यासारखं नाही. गाडीच्या बॉडीत करंट उतरतोय. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घरचं अर्थिंग तपासा, गाडीच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि तोवर वायर जोडू नका. लेकरं आधी अनवाणी उतरतात.

गॅसवर चालणारा फ्रिज मे महिन्यात थंड होत नाही. मेकॅनिक म्हणतो, गॅस भरावा लागेल. (गोंदिया)

या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. आत अमोनिया कायमचा बंद केलेला असतो, तो रस्त्यावर भरता येत नाही. 45 अंशांत हा फ्रिज मुळातच कमी पडतो. गाडी सपाट उभी करा, मागच्या जाळीत छोटा पंखा बसवा. काळ्या मातीत जॅक लावताना खाली रुंद फळी ठेवा, नाहीतर रात्रीतून एक बाजू खचते. मागे पिवळी पूड दिसली किंवा डोळ्यांना झोंबणारा वास आला, तर फ्रिज बंद करा, दारं उघडा, हात लावू नका आणि जाणकाराकडून फ्रिज काढून घ्या.

छत गळतं. एम-सील लावलं, पुन्हा गळलं. (उमरखेड)

कडक होणारी पेस्ट हलणाऱ्या छतावर टिकत नाही, पहिल्या खड्ड्यात तडकते. जुनं सगळं खरवडून काढा, खाली ब्युटाइल टेप आणि वरून लवचीक पॉलियुरेथेन सीलंट. हे मृगाच्या आधी, कोरड्या छतावर. आतलं प्लायवुड बोटाने दाबून बघा. मऊ लागलं तर सुताराला दाखवा, वरून लेप देऊन भागणार नाही.

सिलेंडरची नळी किती वर्षांनी बदलायची? (भद्रावती)

आयएसआय शिक्क्याची नळी पाच वर्षांनी, तडा दिसला तर त्याच दिवशी. गाडी चालताना सिलेंडर बंद.

चिखलदऱ्याहून उतरताना ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये घेतो, डिझेल वाचतं म्हणे. मागच्या वेळी खाली आल्यावर ब्रेकचा जळका वास आला. (अंजनगाव सुर्जी)

त्याला आजच थांबवा. गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की डिझेल तसंही जवळजवळ बंद होतं, म्हणजे वाचत काहीच नाही. न्यूट्रलमध्ये सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. वास आला की सपाट जागा बघून थांबा, ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. गाडीला ब्रेक ऑइल असेल, तर ते हवेतला ओलावा ओढतं आणि तापल्यावर त्यात वाफ होते, म्हणून दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. एअर ब्रेक असेल तर टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडा. पुढच्या खेपेआधी चारही चाकं खोलून लायनिंग दाखवून घ्या. पॅडल मऊ लागत असेल तर परतवाड्यातच थांबा, वर चढू नका.