इतकी वर्षं काही नाही, मग काँग्रेस गवत आत्ताच कसं बाधलं?

ताई, तुमचा प्रश्न असा: खानापूरकडच्या शेतात वडिलांनी जन्मभर काँग्रेस गवत उपटलं, मग मानेवर आणि पापण्यांवर खाज आत्ताच का, आणि सिट्रिझिनच्या (ॲलर्जीच्या) गोळीने ती जात का नाही?

ॲलर्जी पहिल्याच संपर्कात होत नाही. शरीर आधी तो पदार्थ ओळखून ठेवतं, आणि त्याला कधी काही आठवडे लागतात, कधी कित्येक वर्षं. म्हणून 'जन्मभर काही झालं नाही' याला अर्थ नाही.

खरी गोम पुढे आहे. या गवताने दोन वेगळे आजार होतात. शिंका, नाक गळणं, दम लागणं हा एक. त्यात परागकणांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं (परक्या पदार्थाला ओळखणारी प्रथिनं) तयार होऊन नाक-फुफ्फुसांतल्या मास्ट नावाच्या पेशींवर चिकटून राहतात. पुन्हा परागकण आले की त्या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन हे शिंका आणणारं रसायन सोडतात. सिट्रिझिन हिस्टामिनलाच अडवते, म्हणून तिथे चालते.

वडिलांचं दुसरं दिसतंय. गवतातलं पार्थेनिन नावाचं रसायन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशी त्यावर तुटून पडतात. इथे आयजीईचा संबंध नाही, हिस्टामिनचाही फारसा नाही, म्हणून सिट्रिझिनने ही खाज जात नाही. आणि हे सगळं व्हायला एक-दोन दिवस जातात. सोमवारी भांगलण, बुधवारी खाज, आणि बोल लागतो मंगळवारच्या सुकटीला! मग वांगं बंद, मासे बंद, वर रक्त शुद्ध करायचा काढा. बिचाऱ्या सुकटीचा काही दोष नसतो. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याने उडतो, त्यामुळे हात न लावताही पापण्या, मान, कोपराची घडी इथे पुरळ येतं. उपटलेलं गवत घराजवळ वाळत टाकू नका, जाळूही नका. भांगलणीला यंदा दुसरं कुणी जाऊ दे. जावंच लागलं तर पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि घरी आल्याबरोबर आंघोळ. शेवंती त्याच कुळातली, तीही काहींना बाधते.

बेळगावात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून स्वतःच स्टेरॉइडचं मलम आणून पापण्यांना लावू नका, डोळ्यांना धोका असतो. तपासणी पॅच टेस्टची, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी बघतात. हातावर टोचून वीस मिनिटांत बघतात ती टेस्ट शिंकांसाठी, इथे उपयोगाची नाही. वडील स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असतील तर आधीच सांगा, नाहीतर पॅच टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सिट्रिझिन त्यासाठी थांबवावी लागत नाही.